किनाऱ्याचा निर्णय कोणी घ्यायचा?

नागरिकशास्त्रात आपण मुलांकडून जिल्हा परिषदेची कामं पाठ करून घेतो. पण समुद्राजवळ घर कुठपर्यंत बांधायचं, हे कोण ठरवतं? हा प्रश्न समजावायला अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचं उदाहरण वर्गात जरूर घ्यावं, असं मला वाटतं.

तिथली काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. फरक असा, की शहरांच्या हद्दीबाहेरच्या जमिनीचा वापर काउंटीचं निवडून आलेलं मंडळच ठरवतं. १९७२ मध्ये तिथल्या मतदारांनी थेट मतदानाने किनारा आयोग आणला आणि १९७६ मध्ये किनारा कायदा झाला. प्रत्येक किनारी काउंटीने व शहराने आपला आराखडा करायचा, आयोगाने तो तपासायचा. मान्य झाला की बहुतेक परवानग्या स्थानिक पातळीवरच मिळतात.

शिवाय अनेक काउंट्या दरवर्षी एक यादी मंजूर करतात: राज्याकडे यंदा कोणते कायदे आणि कशासाठी निधी मागायचा. सॅन माटेओ काउंटीच्या एका बाजूला पॅसिफिक महासागर, दुसऱ्या बाजूला सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर. पाणी काही गावाची वेस बघून थांबत नाही! म्हणून २०१९ मध्ये राज्याच्या कायद्याने काउंटी आणि तिच्यातली २० शहरं यांच्यासाठी पूर व समुद्रपातळीवाढीचं काम बघणारी एकच संस्था उभी राहिली. २०२३ च्या कायद्याने तर वाढत्या समुद्रपातळीचा विचार २०३४ च्या सुरुवातीपर्यंत आराखड्यात आणणं सर्व किनारी संस्थांना बंधनकारक केलं.

पण मुलांना हे नुसतं गोड गोड सांगू नये. किनाऱ्यावरची महागडी घरं म्हणजे काउंटीचा मालमत्ता कर. घर वाचवायला भिंत बांधली, की कड्यावरून येणारी वाळू अडते आणि भिंतीपुढची पुळण झिजत जाते. एकाचं घर वाचतं, सगळ्यांचा किनारा जातो. म्हणून आराखडा खालून आणि तपासणी वरून, दोन्ही लागतं.

आपल्याकडे १९९१ ची सीआरझेड अधिसूचना केंद्राने काढली. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. नकाशे राज्य करतं, मंजुरी केंद्र देतं. गावाच्या वाट्याला येते ती जनसुनावणीतली हरकत. म्हणजे वरून तपासणी आहे, पण खालून मागणी करायची सवयच नाही. ती सवय शाळेत लागू शकते.

आठवी-नववीच्या वर्गाला एवढंच काम द्या. आपल्या तालुक्यासाठी पाच मागण्या लिहा. प्रत्येकीपुढे दोन रकाने: ही मागणी कोणाकडे करायची आणि ती मान्य झाली तर तोटा कोणाचा? धूपप्रतिबंधक बंधारा मागणाऱ्याने शेजारच्या गावची पुळण राहील का, हेही लिहावं. रिसॉर्ट मागणाऱ्याने होड्या कुठे ओढायच्या, मासळी कुठे सुकवायची, ते सांगावं.

“शाळेत राजकारण कशाला?” असं काही पालक विचारतील. पालकहो, किनारपट्टीच्या गावात हे राजकारण नाही, घरादाराचा प्रश्न आहे. तोटा कोणाचा, हे आधी विचारायला शिकलेलं मूल उद्या ग्रामसभेत नुसता हात वर करून गप्प बसणार नाही.