हिरवं पाणी आणि आपली गाळणी

सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मराठीत काही चुकलं तर सांभाळून घ्या. मुद्दा मात्र चुकलेला नाही असं मला ठामपणे वाटतं.

गेल्या सेमिस्टरची सबमिशन्स संपल्यावर लेडीज हॉस्टेलच्या आम्ही चौघी जोतिबाला गेलो होतो. दर्शन झालं, गुलाल कपाळावरून ओढणीवर पोचला, आणि येताना एका तळ्याच्या पायरीवर आम्ही भडंग खात बसलो. पाणी हिरवंगार. रूममेट म्हणाली, "शी, किती घाण!" तिच्या बाजूला एक आजी ओंजळीत तेच पाणी घेऊन डोळ्यांना लावत होत्या. मी दोघींच्या मध्ये! या पाण्यात नक्की आहे तरी काय, हा किडा तेव्हापासून डोक्यात आहे.

शेवाळ आहे, ते दिसतंच. शेवाळाबरोबर जिवाणू असतात आणि जिवाणूंना खाणारे अमीबा असतात. आणि या अमीबांना गाठणारे विषाणू? ते इतके मोठे असू शकतात की शंभर वर्षं आपण त्यांना विषाणू मानलंच नाही.

त्याचं असं झालं. १८९२ मध्ये इव्हानोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने रोगट तंबाखूच्या पानांचा रस चिनी मातीच्या बारीक फिल्टरमधून गाळला. जिवाणू वर अडकतील असा तो फिल्टर. तरी खाली आलेल्या रसाने रोग पसरला. तेव्हापासून विषाणू म्हणजे काय, तर फिल्टरमधून जातो तो. पुढे प्रयोगशाळांमध्ये ०.२ मायक्रॉनचा फिल्टर नेहमीचा झाला. गाळणीखालचं तपासायचं, वरचं फेकायचं. आपण चहा गाळतो तसं.

१९९२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड गावात न्यूमोनियाची साथ आली. कूलिंग टॉवरचं पाणी तपासताना अमीबामध्ये एक गोल जीव सापडला. साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतो म्हणजे जिवाणूच, असं समजून त्याला 'ब्रॅडफर्डकॉकस' नाव देऊन टाकलं. तो विषाणू आहे हे कळायला २००३ साल उजाडलं! नाव मिळालं मिमिव्हायरस, कारण तो जिवाणूची नक्कल करतो. अंगावरच्या तंतूंसकट साधारण ०.७५ मायक्रॉन. अमीबाला वाटतं खाऊ आला, तो गिळतो. आत गेल्यावर विषाणूच्या कवचावरचं चांदणीच्या आकाराचं दार उघडतं, डीएनए बाहेर येतो, अमीबाच्या पोटातच विषाणूंचा कारखाना सुरू होतो आणि शेवटी अमीबा फुटतो. आपल्याला घरात बसवणाऱ्या कोरोनाच्या जिनोममध्ये ३० हजारांच्या आसपास अक्षरं आहेत, याच्यात सुमारे १२ लाख. २०१३ मध्ये पँडोराव्हायरस सापडला, त्याच्यात तर २५ लाखांच्या घरात. शेवाळावर जगणारेही मोठे विषाणू आहेत. समुद्रात कित्येक किलोमीटर पसरलेला शेवाळाचा थर ते संपवून टाकतात.

घाबरू नका, यांचं लक्ष आपल्याकडे नाही. मिमिव्हायरसमुळे माणसाला न्यूमोनिया होतो का यावर बराच वाद झाला, ठोस पुरावा मिळाला नाही. खरा त्रास अमीबाचा. ॲकँथअमीबा नळाच्या पाण्यातही असतो, त्याच्या कोषाला क्लोरीन सहज मारत नाही, आणि कॉन्टॅक्ट लेन्समधून डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. लेन्स नळाखाली धुणाऱ्या सगळ्या मैत्रिणींनी हे वाक्य पुन्हा वाचावं!

आता हे सगळं परदेशातलं असं म्हणाल, तर मुंबईत चला. आयआयटी बॉम्बेच्या किरण कोंडाबागील यांच्या गटाने सांडपाणी, तलाव, ट्रीटमेंट प्लँट आणि चक्क पालिकेच्या नळाचं पाणी तपासलं. २०१९ मध्ये निष्कर्ष छापले. चारही ठिकाणी महाविषाणूंच्या खुणा! नावं काय ठेवली बघा: बांद्रा मेगाव्हायरस, पवई लेक मेगाव्हायरस, कुर्लाव्हायरस. लोकलची स्टेशनं वाटतात ना? देवाचं नाव विषाणूला द्यायला नको, पण 'रंकाळाव्हायरस' कानाला काय वाईट लागतंय?

हाच विषय मी मिनी प्रोजेक्टसाठी दिला. "हे बायॉलॉजी झालं, आपल्या स्कोपमध्ये बसत नाही," म्हणून परत आला. सरांवर माझा राग नाही. पण सिव्हिलच्या लॅबमध्ये आपण पाण्याचा पीएच काढतो, गढूळपणा बघतो, कोलिफॉर्मसाठी एमपीएन करतो आणि 'पिण्यायोग्य' लिहून मोकळे होतो. अमीबाबद्दल कुणी विचारलंच नाही, म्हणून तो रिपोर्टमध्ये नाही. हा 'स्कोप' म्हणजे इव्हानोव्स्कीचा फिल्टरच झाला की! पाणी शुद्ध करायचं इंजिनिअरने आणि पाण्यात कोण राहतं हे विचारायचं बीएस्सीवाल्यांनी, ही वाटणी मला पटत नाही.

महाविषाणू सापडतीलच असा दावा नाही. जिनोम वाचायची मशीन आपल्याकडे नाही, पण पहिली पायरी आवाक्यातली आहे. निर्जंतुक बाटल्या, जरा मोठ्या छिद्रांचा फिल्टर, जिवाणू मारायला अँटिबायोटिक, वाढवलेले अमीबा, मायक्रोस्कोप आणि बायोटेकमधला एक दयाळू मित्र. मित्र मिळालाय. डोंगरावरच्या तळ्याचं पाणी चैत्र यात्रेच्या आधी एकदा आणि लाखो लोक येऊन गेल्यावर एकदा घ्यायचं, आणि तिसरी बाटली आपल्या हॉस्टेलच्या टाकीची. तळ्यासाठी रीतसर परवानगीचा अर्ज लिहून ठेवलाय. टाकीसाठी कुणाला अर्ज करायचा ते रेक्टर मॅडमनी कृपया कळवावं.