पुढचा बहार कोण मोजणार?

माघ सरत आला की जऊळक्याच्या शिवारात सगळ्यात आधी पळस बोलायला लागतो. पानं झडलेल्या फांद्यांवर काळपट, मखमली कळ्या धरतात आणि मग एखाद्या सकाळी धुऱ्यावरचं झाड केशरी होऊन उभं असतं. त्याच दिवसांत संत्र्याच्या बागांमध्ये आंबिया बहाराची पांढरी फुलं उघडतात. संध्याकाळी बागेकडून वारा आला तर रेल्वे स्टेशनपर्यंत वास येतो. शेजारच्या बागेत मृग बहाराची फळं तोडणीला आलेली असतात. गव्हाची ओंबी भरत असते, हरबऱ्याचे घाटे वाळत असतात, बीजवाई कांद्याच्या गोंड्यांवर मधमाश्यांची झुंबड असते. वऱ्हाडातला वसंत असा एकदम, सगळीकडून येतो.

आणि नेमका याच आठवड्यात आभाळ आलं. दुपारी दोनला उकाडा, चारला गार वारा, आग्नेयेकडून ढग. रस्त्यावर भेटलेल्या एका आजोबांना मी पळसाचं बोललो, तर ते म्हणाले, "पळस फुलला म्हंजे काय झालं भाऊ? हरबरा घरात येऊ द्या, मंग म्हणू शिमगा आला."

थंड मुलखात लोक वसंताची वाट बघत असताना उशिराचा बर्फ पडतो, तसं आपल्याकडे होत नाही असं वाटतं खरं. पण दोन्हीकडचं मूळ बऱ्याचदा एकच असतं. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात या दिवसांत काश्मीर-हिमाचलावर बर्फ टाकतात. त्यातला एखादा दक्षिणेकडे खोल उतरला की त्याची कोरडी थंड हवा मध्य भारताच्या डोक्यावर येते. खाली बंगालच्या उपसागराकडून आलेली दमट, गरम हवा असते. ती जोरात वर चढते, ढग उंचच उंच वाढतात आणि पाण्याचे थेंब वर-खाली होत थरावर थर चढवून गारा बनतात. पावसाळ्यातही ढग असतातच, पण तेव्हा पाणी गोठण्याचा थर फार उंचावर असतो, बर्फ खाली येईतो वितळून जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो थर खाली असतो, म्हणून गार जमिनीपर्यंत शाबूत पोहोचते. फरक एवढाच की फेब्रुवारीतल्या बर्फात काश्मीरची सफरचंदाची झाडं निष्पर्ण झोपलेली असतात. आपली झाडं फुलावर असतात.

11 फेब्रुवारी 2018. रविवार होता, महाशिवरात्र दोन दिवसांवर. त्या सकाळी विदर्भ-मराठवाड्याच्या मोठ्या पट्ट्यात गारा पडल्या आणि आपल्या जिल्ह्यातल्या रिसोड, मालेगाव तालुक्यांनी तो मार खाल्ला. वावरं पांढरी झाली. मोबाइलवर फोटो फिरले आणि त्यांखाली बाहेरगावच्या लोकांनी काश्मीरची आठवण काढली. ते मला आजही बोचतं. त्या पांढऱ्याखाली झोपलेला गहू होता, घाट्यांतून फुटून चिखलात गेलेला हरबरा होता, मोडलेले कांद्याचे दांडे होते. त्याआधी 2014 साली तर फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्याच्या 28 जिल्ह्यांत गारपीट झाली. सरकारला 4,000 कोटींची मदत जाहीर करावी लागली.

जुन्या वऱ्हाडात या संकटासाठी गावाचा एक हक्काचा माणूस असे, गारपगारी. नाथपंथी परंपरेतले हे लोक. आभाळ भरलं की मारुतीपुढे उभं राहून गारा गावाच्या शिवेबाहेर वळवण्याची विनवणी करायची हे त्यांचं काम, आणि त्याबद्दल शेतकरी त्यांना धान्य देत. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर ग्रंथ काढला, त्यात त्यांची नोंद आहे. मंत्राने गार वळत नाही हे खरं. पण मला त्या व्यवस्थेतलं दुसरं काही महत्त्वाचं वाटतं. लोहार, सुतार यांच्यासारखा गारेसाठीही एक माणूस नेमलेला होता, म्हणजे गार येणार हे गावाने धरून ठेवलं होतं. सुगीच्या हिशेबातच तिचा वाटा बाजूला काढलेला होता. आपण आज दरवर्षी नव्याने दचकतो.

दचकल्यावर पंचनामा होतो. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक बांधावर येतात, आणि बहुतेक वेळा ही माणसं मनापासून राबतात. 33 टक्क्यांहून जास्त नुकसान असेल तर मदत. ही मर्यादा 2015 पर्यंत 50 टक्के होती, ती खाली आली हे चांगलंच झालं. पण मोजलं जातं ते त्या दिवशी वावरात उभं असलेलं पीक. संत्र्याच्या झाडावर गार पडते तेव्हा तोडणीला आलेलं मृगाचं फळ जातं, आंबियाची फुलं गळतात आणि वर फांद्यांची सालही फुटते. त्या जखमांतून बुरशी शिरते, फांद्या वाळतात. ज्या फांदीवर पुढच्या वर्षी फूल यायचं तीच राहत नाही. इकडचा एक बागवान जे बोलला ते मला विसरता येत नाही: "यंदाचं तं गेलंच. पण झाडाले मार बसला, थो कोन मोजते?"

कोणीच मोजत नाही, आणि ते मोजायला हवं. फळबागेच्या पंचनाम्यात झाडाच्या जखमांसाठी वेगळा रकाना असावा आणि त्याच बागेची पुढच्या बहाराच्या वेळी दुसऱ्यांदा पाहणी व्हावी. बीजवाई कांद्याचंही तसंच. त्याचा एक गोंडा मोडला तर पुढच्या हंगामातल्या कितीतरी वाफ्यांचं बी जातं. खाण्याच्या कांद्याच्या तराजूत त्याला तोलणं अन्याय आहे. या मागण्या अवघड नाहीत. माणसं तीच, बांध तेच, फक्त आणखी एक फेरी.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. वाळलेला हरबरा दोन दिवस आधी सोंगून सुडी ताडपत्रीखाली घ्यावी. ज्यांच्या विम्यात गारपीट धरलेली आहे त्यांनी गार पडलीच तर ठरलेल्या मुदतीत कंपनीला कळवावं, फोटो काढून ठेवावेत. आणि बागवानांनो, नुकसानभरपाईची वाट बघत झाडाला तसंच सोडू नका. मोडलेल्या फांद्या कापा, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी अशी बोर्डो पेस्ट करून जखमांना लावा. पंचनाम्यासाठी फोटो मात्र त्याआधी काढा.