वेठीस कोण धरतो?

संप झाला की दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र उघडून बघा. 'कर्मचाऱ्यांनी जनतेला वेठीस धरले' हे वाक्य त्यात हमखास सापडते. बसचालक असोत, सफाई कामगार असोत, नाहीतर इस्पितळातल्या परिचारिका असोत. काम थांबवले की त्यांनी कुणाला ना कुणाला वेठीस धरलेले असतेच. मी सरकारी कारकून, तेव्हा या वाक्याचा प्रसाद मलाही मिळालेला आहे. पण हा शब्द आला कुठून? वेठ म्हणजे मोबदला न देता सक्तीने करून घेतलेले काम. सरकारस्वारी आली, पाटलाकडे कार्य निघाले, की गावातल्या गरिबाला धरून न्यायचे आणि ओझे वाहायला लावायचे, हे वेठीस धरणे. ज्याच्या पाठीवर ओझे होते, त्याच्याच माथी आज आपण हा शब्द मारतो.

हे सगळे सुचले ते इंदूरला. फाल्गुनात मावसबहिणीच्या मुलाचे लग्न होते म्हणून गेलो होतो. तिच्या शेजारच्या प्लॉटवर बंगल्याचे बांधकाम चालू होते आणि तिथे अलीराजपूरकडचे एक भिल्ल जोडपे, दोन पोरांसह, विटांच्या आडोशाला राहत होते. होळीच्या आधीच्या आठवड्यात झाबुआ-अलीराजपूर भागात भगोरियाचे बाजार भरतात. वर्षभर कुठेही राबणारा माणूस त्या दिवसांत गावी परततो. या दोघांना जायचे होते. ठेकेदार सोडत नव्हता. दिवाळीनंतर दिलेली उचल अजून फिटली नाही, असे त्याचे म्हणणे. त्याने नवऱ्याचे आधार कार्ड आणि मोबाइल स्वतःकडे ठेवून घेतला होता. उचल किती, फिटली किती, याचा हिशेब फक्त त्याच्या वहीत.

मी मेहुण्यांना म्हटले, "अहो, हा गुन्हा आहे." ते हसले. "कसला गुन्हा? पैसे मोजून घेतलेत त्याने. उद्या पळून गेला तर ठेकेदाराचे कोण भरून देणार? आणि तुम्ही पाहुणे आहात, यात पडू नका." मी पडलो नाही. लग्नघर होते, जेवणाची पंगत मांडलेली होती. दोन दिवसांनी मी गाडीत बसलो आणि ते जोडपे तिथेच राहिले. कलेक्टर कचेरीत एक अर्ज टाकायला मला अर्धा तास लागला असता. रोज अर्जच हाताळणाऱ्या माणसाने तो टाकला नाही. हा लेख म्हणजे त्या अर्जाची उशिरा काढलेली प्रत समजा.

इंदूर हे मराठी माणसाला परके शहर नव्हे. होळकरांचा राजवाडा तिथे आहे. बाहेरगावच्या बसगाड्या सुटतात त्या सरवटे बसस्थानकाचे नाव ज्यांच्यावरून पडले, ते विनायक सीताराम उर्फ तात्या सरवटे घटना समितीत मध्यभारताचे प्रतिनिधी होते. तिथून तासाभराच्या अंतरावर महू, डॉ. आंबेडकरांचे जन्मस्थान. या दोघांच्या समितीने जी घटना लिहिली तिच्या २३ व्या कलमात माणसांचा व्यापार, बेगार आणि तशा प्रकारची सक्तीची मजुरी यांना मनाई आहे. इंग्रजी मसुद्यातही 'बेगार' हा आपला शब्द तसाच ठेवला आहे. या कलमाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. बहुतेक मूलभूत हक्क सरकारविरुद्ध मागायचे असतात. हा हक्क खासगी माणसाविरुद्धही आहे. म्हणजे त्या ठेकेदाराविरुद्धही.

मेहुण्यांचा मुद्दा टाळून चालणार नाही, कारण तो त्यांच्या एकट्याचा नाही. आपल्यातले पुष्कळ सुशिक्षित लोक असेच बोलतात. मुद्दा असा, की मजुराने राजीखुशीने उचल घेतली, अंगठा दिला, कुणी साखळदंड घातले नाहीत. मग सक्ती कुठली?

याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच देऊन ठेवले आहे. दिल्लीत एशियाडची बांधकामे चालू होती, मजुरांना किमान वेतनही पुरते मिळत नव्हते आणि पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स ही संघटना न्यायालयात गेली. न्या. भगवतींनी निकालात सांगितले की सक्ती म्हणजे केवळ दंडुक्याची नव्हे. कायद्याने ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा कमी पैशांत कुणी राबायला तयार होत असेल, तर ते भुकेच्या रेट्याखाली, असेच धरले पाहिजे आणि अशी मजुरी २३ व्या कलमाच्या अर्थाने सक्तीची मजुरीच आहे. पुढच्याच वर्षी राजस्थानातल्या दुष्काळी कामांच्या खटल्यात न्यायालयाने हाच न्याय सरकारलाही लावला. दुष्काळात काम दिले हे उपकार, म्हणून मजुरी कमी, हे चालणार नाही, असे बजावले.

उचलीचा प्रश्न तर त्याहून आधी सुटला आहे. वेठबिगार पद्धती नष्ट करणारा अध्यादेश ऑक्टोबर १९७५ मध्ये निघाला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. काळ आणीबाणीचा होता हे खरे. ज्या राजवटीने माणसे तुरुंगात टाकली तिनेच हा कायदा केला, हेही खरे. पण कायदा चांगला आहे. कर्ज किंवा उचल घेतल्यामुळे ज्याचे दुसरीकडे काम करण्याचे, हिंडण्याफिरण्याचे किंवा रास्त मजुरी मिळवण्याचे स्वातंत्र्य जाते, तो वेठबिगार. त्या कर्जाची फेड करण्याची जबाबदारी कायद्यानेच संपते. करार, अंगठा, स्टॅम्पपेपर, सगळे रद्दबातल. आणि महत्त्वाचे म्हणजे, हे वेठबिगारीचे कर्ज नव्हे असे सिद्ध करण्याचे ओझे मजुरावर नाही, पैसे देणाऱ्यावर आहे.

आता माझेच उदाहरण घ्या. मी घरासाठी बँकेचे कर्ज काढले आहे आणि हप्ता दर महिन्याला पगारातून कापला जातो. उद्या मी नोकरी सोडली तर बँक नोटीस पाठवील, दावा लावील, फार तर घर लिलावात काढील. पण साहेब माझे आधार कार्ड खणात टाकून 'कर्ज फिटेपर्यंत चतुर्थीला घरी जायचे नाही' असे म्हणू शकत नाहीत. कर्ज माझेही आहे आणि त्या भिल्लाचेही. फरक एवढाच की माझ्या कर्जाला घर तारण आहे आणि त्याच्या कर्जाला त्याचे आणि त्याच्या बायकोचे शरीर. ठेकेदाराचे पैसे बुडू नयेत असे वाटत असेल तर त्याने उचल देण्याऐवजी आठवड्याच्या आठवड्याला पुरती मजुरी द्यावी. मग पळून जायला कुणाला कारणच उरत नाही.

हे इंदूरपुरतेच आहे असे समजून कुणी सुस्कारा टाकू नये. बडवानी-खरगोनचे आदिवासी ऊसतोडीला महाराष्ट्रात आणि कर्नाटकात येतात. तिथे मुकादम उचल देतो आणि नवराबायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो. दोन माणसांना एका हत्याराचे नाव देणारा हिशेब आपल्याच मराठीतला आहे, तोही फुले-शाहूंचे नाव घेणाऱ्या राज्यातला.

मग कायदा असूनही हे चालते कसे? इथे मला माझ्याच जमातीबद्दल बोलावे लागेल. कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती हवी. तिच्या बैठका व्हाव्यात, अनुसूचित जाती-जमातींचे प्रतिनिधी आणि समाजसेवक तिच्यात असावेत. वेठबिगारी अजून चालू आहे का, याची चौकशी करणे हे जिल्हाधिकाऱ्याचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. आता कचेरीत अशी माहिती कशी जमते ते सांगतो. वरून तक्ता येतो, खाली जातो. तालुक्याचा कारकून मागच्या वर्षीची फाइल काढतो, त्यात 'निरंक' लिहिलेले असते, तो याही वर्षी 'निरंक' लिहितो. साहेब सही करतात. अशा तक्त्यांवर मीही 'निरंक' लिहिले आहे, विषय वेगळे होते इतकेच. 'निरंक' लिहायला जागेवरून उठावे लागत नाही. 'एक' लिहायचे म्हटले की पंचनामा, जबाब, मुक्तीचे प्रमाणपत्र, पुनर्वसनाचा प्रस्ताव, आणि मालक वजनदार असेल तर वरून फोन. आणि तरी २०१६ साली केंद्राच्या श्रम मंत्रालयाने २०३० पर्यंत १ कोटी ८४ लाख वेठबिगारांना मुक्त करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते. तालुक्यातालुक्यात निरंक आणि देशाची बेरीज पावणेदोन कोटींच्या वर, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात?

सुटका झाली तरी गोष्ट संपत नाही. १९८० च्या दशकात फरिदाबादच्या दगडखाणींतून सुटलेले मजूर मध्यप्रदेशात बिलासपूरकडच्या आपल्या गावी परतले. पुनर्वसनाचे आश्वासन मिळाले होते, हाती काही आले नाही. नीरजा चौधरी या पत्रकार बाईंनी पत्र लिहून हे सर्वोच्च न्यायालयापुढे आणले. १९८४ च्या निकालात न्यायालयाने राज्य सरकारला सुनावले की सोडवलेल्या माणसाला पोटापाण्याचे साधन दिले नाही तर तो पुन्हा त्याच खाईत जातो. आजची योजना काय म्हणते? २०२२ पासून तातडीची मदत ३०,००० रुपये. पुढची मोठी रक्कम पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांना २ लाख, अतिशोषणाच्या प्रकरणांत ३ लाख. पण ती न्यायालयीन प्रक्रियेच्या शेवटाला बांधलेली. मालकाला शिक्षा जास्तीत जास्त ३ वर्षे आणि दंड २,००० रुपये, तोही १९७६ सालचाच.

न्यायालयाचा शेवट कधी येतो हे इंदूरकरांना विचारा. हुकूमचंद मिल १९९१-९२ च्या सुमाराला बंद पडली. तिथल्या हजारो कामगारांच्या कष्टाच्या थकबाकीचा धनादेश, सुमारे २२४ कोटींचा, निघाला २५ डिसेंबर २०२३ रोजी. एक पिढी गेली. ज्यांना युनियन होती, वकील होते, शहरात घर होते, त्यांची ही कथा. विटांच्या आडोशाला झोपणाऱ्याने किती वर्षे थांबायचे?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. १९४८ चा किमान वेतन कायदा आणि १९७९ चा स्थलांतरित मजुरांचा कायदा त्यांत विलीन झाले. जुना कायदा पाच परप्रांतीय मजूर असले की लागू होत असे, नवी संहिता दहा मजूर लागतात म्हणते. याला सुटसुटीतपणा म्हणतात. बंगल्याच्या बांधकामावर दहा माणसे कुठे असतात? सुदैवाने १९७६ चा वेठबिगार कायदा या संहितांच्या बाहेर, स्वतंत्र उभा आहे. त्याला मजुरांची संख्या लागत नाही. एक माणूस पुरतो.

आता आपले गोवा. आमच्या आजोबांची पिढी मुंडकारांची. भाटकाराकडे सणसमारंभ असला की बोलावणे यायचे आणि 'नाही' म्हणण्याची सोय नसायची, कारण झोपडी त्याच्या जमिनीत होती. मुंडकारांना संरक्षण देणारा आपला कायदाही १९७५ चाच, वेठबिगारीच्या अध्यादेशाचा जोडीदार. पोर्तुगालविरुद्ध घानाने १९६१ साली आफ्रिकेतल्या सक्तीच्या मजुरीबद्दल आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडे तक्रार केली, त्याच वर्षी आपण मुक्त झालो. पण एक गंमत ऐका. ज्या कराराखाली ती तक्रार झाली, तो सालाझारच्या पोर्तुगालने १९५९ मध्ये स्वीकारला होता. आपण स्वीकारला २००० साली. आणि आज? सप्टेंबर २०२४ मध्ये कुटबणच्या जेटीवर ट्रॉलरवरच्या परप्रांतीय कामगारांत कॉलरा पसरला, काही जण दगावले, तेव्हा कुठे आपल्याला कळले की ही माणसे राहतात कुठे आणि पितात काय. त्यांची उचल किती आणि हिशेब कुणाच्या वहीत, हे अजूनही कुणी विचारलेले नाही. मुंडकाराचा नातू भाटकारासारखा वागू लागला, तर मुक्ती कुणाची झाली म्हणायची?

मागणे फार नाही. दक्षता समितीने 'निरंक' लिहिण्यापूर्वी बांधकामे, वीटभट्ट्या आणि जेट्या डोळ्यांनी पाहाव्यात आणि कुठे पाहिले ते तक्त्यात लिहावे. पुनर्वसनाचे पैसे खटल्याच्या शेपटीला बांधू नयेत. दोन हजारांचा दंड बदलावा. आणि आपण, शेजाऱ्यांनी, 'जायचे आहे, पण सोडत नाहीत' हे शब्द कानावर पडले की पंगतीवरून उठावे. मी उठलो नाही, म्हणून सांगतो.

आणि उद्या संपाची बातमी लिहिताना 'वेठीस धरले' हा शब्द हाताशी आला तर क्षणभर थांबावे. वेठीस धरलेली माणसे संप करू शकत नाहीत. ती शेजारच्या प्लॉटवर विटा वाहत असतात.