बसल्या जागी कमाई : पण कोणाच्या खिशातून?

‘दोन-तीन वर्षे मनापासून मेहनत करा, पुढे आयुष्यभर बसल्या जागी पैसे येत राहतील.’ नेटवर्क मार्केटिंगच्या, म्हणजेच साखळी पद्धतीच्या धंद्याच्या, जवळजवळ प्रत्येक बैठकीत हे आश्वासन दिले जाते. त्याला ‘रेसिड्युअल इन्कम’ असे भारदस्त नाव आहे. काम एकदा करायचे आणि मोबदला कायम घ्यायचा, असा त्याचा अर्थ. कधी आरोग्याच्या गोळ्या, कधी साबण-शाम्पू, कधी पाणी शुद्ध करण्याचे यंत्र. माल बदलतो, आश्वासन बदलत नाही. आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या दारी हे आश्वासन घेऊन येणारा बहुधा परका नसतो. तो साडू असतो, मामेभाऊ असतो, शेजारचा दुकानदार असतो. म्हणूनच या विषयावर स्पष्ट बोलणे आम्हाला आवश्यक वाटते.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. कायमच्या उत्पन्नाची इच्छा धरणे हा लोभ नव्हे. यंत्रमागावरचा कामगार, टेलर, जरीकाम करणारा, गॅरेजमधला मिस्त्री या सर्वांची कमाई हात चालतात तोवरच असते. सूत महागले की माग थांबतो, ताप आला की मजुरी बुडते, नजर अधू झाली की बारीक काम सुटते. ना पेन्शन, ना भरपगारी रजा. अशा माणसाला कोणी म्हातारपणाची सोय सांगू लागला तर तो कान देणारच. दोष त्याच्या गरजेत नाही. प्रश्न एवढाच आहे की, जे उत्पन्न दाखवले जाते ते येते कोठून?

गल्ल्यात आलेला प्रत्येक रुपया कोणाच्या तरी खिशातून आलेला असतो, हे दुकानदाराला वेगळे सांगायला नको. साखळीच्या धंद्यात तो दोन ठिकाणांहून येऊ शकतो. एक, ज्याला ती वस्तू खरोखर हवी आहे आणि त्या भावाने परवडते असा गिऱ्हाईक. दुसरा, उद्या आपल्यालाही कमिशन मिळेल या आशेने आज किट विकत घेणारा नवा सभासद. पहिल्याकडून आलेला पैसा हा व्यापार आहे. दुसऱ्याकडून आलेला पैसा म्हणजे एकाच्या आशेवर दुसऱ्याची कमाई. साऱ्या विषयाचे मर्म या एका फरकात आहे.

हिशेब काय सांगतो?

बैठकीत फळ्यावर गणित मांडले जाते : तुम्ही फक्त पाच माणसे जोडा, ते पाच जण प्रत्येकी पाच जोडतील. ऐकायला सोपे वाटते. हेच गणित आपण शेवटपर्यंत नेऊ. ५, २५, १२५, ६२५, ३१२५ असे करत आठव्या पायरीवर ३ लाख ९० हजार ६२५ माणसे लागतात. पहिल्यापासून आठवीपर्यंतची बेरीज ४ लाख ८८ हजार २८० होते. २०११ च्या जनगणनेत मालेगाव महापालिका हद्दीची लोकसंख्या पाच लाखांच्या आत होती. म्हणजे तान्ही मुले आणि अंथरुणावरचे म्हातारे धरूनही आठव्या पायरीत जवळपास सारे मालेगाव संपते. तेराव्या पायरीला १२२ कोटी माणसे लागतात. २०११ साली साऱ्या भारताची लोकसंख्या १२१ कोटी होती.

दुसरी बाब याहून गंभीर आहे. ही साखळी कोणत्याही पायरीवर थांबली तरी, एकदा ती वाढलेली असली की, शंभरातले ऐंशी जण शेवटच्या पायरीवर असतात. त्यांच्या खाली कोणीच नसते. त्यांच्या वरच्या पायरीवर आणखी सोळा, ज्यांच्या खाली केवळ पाच माणसे. म्हणजे शंभरातल्या शहाण्णव जणांची ‘आयुष्यभराची कमाई’ कधी सुरूच होत नाही. याचे खापर मात्र त्यांच्याच माथी फोडले जाते : तुम्ही मेहनत कमी केली, तुमचा विश्वास कमी पडला. वास्तविक मेहनत कमी पडलेली नसते, माणसे कमी पडलेली असतात.

कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात पैसा फिरवण्याच्या योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. योजना चालवणाऱ्यालाच नव्हे, तर तीत सभासद होणाऱ्यालाही आणि त्यासाठी पैसे घेणाऱ्या-देणाऱ्यालाही ही बंदी लागू आहे, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची असू शकते. ‘आम्ही तर फक्त दोन नातेवाईक जोडले’ हा बचाव पुरेसा नाही, हे आमच्या बांधवांनी लक्षात ठेवावे. २००७ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ॲमवे या मोठ्या कंपनीची योजनाही या कायद्याच्या व्याख्येत बसते असा निकाल दिला होता.

पुढे केंद्र सरकारने २०१६ मध्ये थेट विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली नियम केले. थेट विक्रीला परवानगी आहे, पण साखळीत माणसे भरण्याच्या पिरॅमिड योजनेला मनाई आहे. २०१६ च्या सूचनांत तीन गोष्टी स्पष्ट आहेत : नवा माणूस जोडल्याबद्दल मोबदला नाही, प्रवेश फी नाही, आणि न विकलेला चांगला माल कंपनीने परत घेण्याची सोय असली पाहिजे.

हा धंदा जेथून आला त्या अमेरिकेतही हेच घडले. २०१६ साली तेथील व्यापार आयोगाने हर्बलाइफ कंपनीशी २० कोटी डॉलरची तडजोड केली आणि अट घातली की विक्रेत्यांचा मोबदला प्रत्यक्ष, पडताळता येणाऱ्या किरकोळ विक्रीवर आधारलेला असावा, भरतीवर नव्हे. पुढच्या वर्षी सुमारे साडेतीन लाख लोकांना परताव्याचे चेक पाठवण्यात आले.

शरीअतच्या कसोटीवर

दलालीचा मोबदला हलाल आहे, मग यात वावगे काय, असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. प्रत्यक्ष सौदा घडवून आणणाऱ्याने ठरलेली दलाली घेणे जायज आहे. परंतु येथे मोबदला सौद्याचा आहे की माणसे जोडण्याचा, हे पाहावे लागते. सौदी अरेबियाच्या स्थायी फतवा समितीने २००४ साली या पद्धतीला नाजायज ठरवले. तिचे म्हणणे असे की वस्तू हा केवळ पडदा आहे, खरा हेतू कमिशन आहे. त्यात सूद, अनिश्चितता आणि फसवणूक येते. इंडोनेशियाच्या उलमा परिषदेच्या शरीअत मंडळाने २००९ साली वेगळी वाट धरली. त्यांनी अटी घालून अशा विक्रीला मुभा दिली. त्या अटींतली एक अट आमच्या विषयाच्या मुळाशी जाते : विक्री न करता किंवा खालच्या माणसांना शिकवण्या-सांभाळण्याची मेहनत न घेता नियमित मिळत राहणारे कमिशन चालणार नाही.

म्हणजे ज्यांनी दार बंद केले त्यांनी तर केलेच, पण ज्यांनी दार किलकिले ठेवले त्यांनीही ‘बसल्या जागी कमाई’ बाहेरच ठेवली. जे आश्वासन देऊन माणूस जोडला जातो, तेच नेमके कसोटीला उतरत नाही.

पत विकू नका

आमच्या समाजात धंदा लेखी करारापेक्षा विश्वासावर अधिक चालतो. उधारी तोंडी असते, अमानत तोंडी असते. हा विश्वास आमची मोठी पुंजी आहे आणि साखळीवाल्यांना हवी असते ती हीच. २०१९ च्या जूनमध्ये बंगळुरूमध्ये हलाल नफ्याच्या नावाने ठेवी घेणारी आयएमए ही संस्था कोसळली आणि हजारो कुटुंबे, त्यांत बहुसंख्य मुस्लिम, रस्त्यावर आली. तो प्रकार साखळी विक्रीचा नव्हता, ठेवींचा होता. पण विश्वासाचा बाजार तोच होता. साखळीत तर फसलेला माणूस पुढे आपल्याच बहिणीला, शागिर्दाला, मोहल्ल्यातल्या विधवेला जोडतो. पैसे बुडतात ते बुडतात, शिवाय ईदला एकमेकांकडे जाणे बंद होते. ज्या दुकानदाराने गिऱ्हाईकाच्या गळ्यात किट मारले, त्याच्या दुकानाची पायरी ते गिऱ्हाईक पुन्हा चढत नाही.

मग करावे काय?

कायमचे उत्पन्न ही अशक्य गोष्ट नाही. ते पतीतून येते. मिरजेच्या सतारमेकर घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भोपळा आणि लाकूड घडवून जे नाव कमावले, त्या नावाला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा हे नाव आता कायद्याने जपले जाते. ही कमाई माणसे जोडून नव्हे, काम जोडून झाली.

ज्याचे हात थकले पण ज्याच्याकडे यंत्र आहे, त्याने ते होतकरू कारागिराला वाजवी भाड्याने द्यावे. ज्याच्याकडे थोडी रक्कम आहे, त्याने जाणत्या माणसाशी मुदारबतीचा व्यवहार करावा : भांडवल एकाचे, मेहनत दुसऱ्याची, नफा ठरलेल्या वाट्याने, आणि हयगय नसताना झालेला तोटा भांडवलवाल्याचा. जे ठरेल ते लेखी ठरवावे. टेलरने मापांची वही जपावी, मिस्त्रीने दुरुस्तीची हमी द्यावी. परत येणारे गिऱ्हाईक हेच छोट्या धंद्याचे पेन्शन आहे. यात महिन्याला लाखाची स्वप्ने नाहीत, पण खरे कापड विणले जाते आणि खरी वस्तू दुरुस्त होते. बरकत तेथेच असते.

आमच्या जमातीच्या आणि मोहल्ला कमिट्यांच्या जबाबदार मंडळींना आमची विनंती आहे की, समाजाचे हॉल अशा बैठकांना देण्यापूर्वी चौकशी करावी. आणि वाचक बंधू-भगिनींनी, निमंत्रण घेऊन आलेल्या आप्ताला रागावून परत पाठवू नये. चहा द्यावा आणि एकच प्रश्न विचारावा : ‘माझ्यानंतर या साखळीत एकही माणूस आला नाही, तर मला काय मिळेल?’ उत्तर ‘विकलेल्या मालावरचा नफा’ असे आले, तर माल आणि भाव पारखून पाहावा. उत्तर टाळले गेले, तर आपले खेळते भांडवल आपल्याच धंद्यात ठेवावे आणि त्या आप्तालाही वेळीच हात देऊन बाहेर काढावे.