मोठ्या काडतुसाची माघार

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळविले. त्याच्या रायफलीतील पॉइंट टू-टू काडतूस जेमतेम करंगळीच्या पेराएवढे असते. क्रीडा नेमबाजीत या चिमुकल्या काडतुसाने लष्करी बनावटीच्या काडतुसाला कसे मागे सारले, हे पाहण्याजोगे आहे.

फरक मुळात स्फोटकाच्या जागेचा. सेंटरफायर काडतुसाच्या बुडाशी मधोमध वेगळी टोपी असते. रिमफायरमध्ये ज्वालाग्राही मिश्रण कडेच्या पोकळीतच भरलेले असते. कडेचे पत्रे पातळ असल्याने दाब मर्यादित राहतो. साहजिकच ताकद कमी, धक्का कमी आणि मारा जवळचा.

या स्थित्यंतराचे ठळक उदाहरण बायथलॉनचे. लष्करी गस्तीतून जन्मलेला हा बर्फावरील खेळ १९६०मध्ये स्क्वॉ व्हॅली ऑलिम्पिकमध्ये आला, तेव्हा १०० ते २५० मीटरवरील लक्ष्यांवर मोठ्या रायफलीने गोळ्या झाडल्या जात. स्वीडनचा क्लास लेस्टांडर स्कीइंगच्या वेळेत पहिल्या दहांतही नव्हता. पण वीसपैकी वीस नेम साधून तो विजेता ठरला. पुढे १९७८मध्ये रिमफायर रायफल आली, अंतर ५० मीटरवर आले आणि लेक प्लॅसिडला १९८०मध्ये ऑलिम्पिकनेही ती स्वीकारली. मोठ्या गोळीसाठी लागणारे मैदान आणि सुरक्षित पट्टा लष्कराखेरीज कोणाला परवडणार? आता साध्या क्लबलाही हा खेळ मांडता येऊ लागला, प्रेक्षक लक्ष्याजवळ बसू लागले. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा १९८४मध्ये झाली, हाही निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

जुन्या जाणकारांना हा खेळ ‘मवाळ’ झाल्याची खंत वाटली असेल. ती सर्वस्वी खरी नाही. हलकी गोळी वाऱ्याने चटकन ढळते आणि धापा टाकणाऱ्या खेळाडूला उताण्या नव्हे, पालथ्या अवस्थेत अवघ्या ४५ मिलिमीटरचे वर्तुळ टिपायचे असते! ऑलिम्पिकमधील ३०० मीटर रायफल स्पर्धा तर १९७२च्या म्युनिकनंतर गेलीच. जागतिक अजिंक्यपदात मात्र ती तग धरून राहिली.

परंतु या बदलाची एक किंमत आहे आणि ती भारतीय नेमबाज मोजतात. सेंटरफायरचे रिकामे कवच पुन्हा भरून नेमबाज स्वतःच्या नळीला साजेसे काडतूस घरी बनवू शकतो. रिमफायरमध्ये ती सोय नाही. कडा एकदा चेपली की कवच निकामी. त्यामुळे कारखान्यातून येईल तेच काडतूस आणि त्यातही प्रत्येक खेपेचा स्वभाव निराळा. म्हणून अव्वल नेमबाज आपली नळी घेऊन वेगवेगळ्या खेपा तपासतात आणि जुळेल तिचा साठा करतात. एली, लापुआ, आरडब्ल्यूएस अशा मोजक्या युरोपीय नावांभोवतीच हा सारा व्यवहार फिरतो. तेजस्विनी सावंतने २०१०मध्ये म्युनिकला विश्वविजेतेपद मिळविले, तेव्हापासून कोल्हापूरकडे नेमबाजांची खाण म्हणून पाहिले जाते. त्या खाणीतल्या नवोदितासाठी रायफलीपेक्षाही रोजच्या सरावाची काडतुसे हाच मोठा खर्च ठरतो.