दस्तरखानावरचा कांदा आणि डबीतली कॅप्सूल

इफ्तारच्या दस्तरखानावर खजूर आणि फळांच्या शेजारी कांदा असतोच. बहुधा भज्यांत तळलेला. शेवगाव परिसरात तर तो शेतातून थेट घरात येतो. पण याच कांद्यातल्या ‘क्वेर्सेटिन’ या घटकाच्या महागड्या कॅप्सूल आता रक्तदाबावरचा रामबाण उपाय म्हणून खपवल्या जातात. रोजेदारांनी त्यांना भुलू नये.

क्वेर्सेटिन हे वनस्पतींतले एक फ्लेव्होनॉइड. सफरचंदाच्या सालीत आणि चहातही ते असते. पांढऱ्या कांद्यापेक्षा लाल कांद्यात जास्त, त्यातही बाहेरच्या पाकळ्यांत सर्वाधिक. सोलताना आपण वरची जाड पाकळीही काढून टाकतो, तिथेच मोठा वाटा वाया जातो. कांदा उकळला की ते पाण्यात उतरते. म्हणून रस्सा फेकू नये.

फायदा किती? रोज 500 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त क्वेर्सेटिन दिलेल्या काही चाचण्यांत रक्तदाब थोडासा उतरला. 100 ग्रॅम कांद्यात ते साधारण 20 ते 40 मिलिग्रॅम असते. म्हणजे तेवढ्यासाठी किलोभराहून अधिक कांदा खावा लागेल! कांदा हे चांगले अन्न आहे, औषध नव्हे. आणि कॅप्सूलही डॉक्टरांच्या गोळीची जागा घेऊ शकत नाही.

खरा धोका इथेच आहे. रोजा आहे म्हणून रक्तदाबाची गोळी सोडायची आणि कांद्यावर किंवा कॅप्सूलवर विसंबायचे, हे जिवावर बेतू शकते. गोळीची वेळ सहरीला की इफ्तारला, हे रमजानपूर्वीच डॉक्टरांना विचारावे. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर अशी कॅप्सूल परस्पर घेऊच नये. आजाऱ्याला रोजातून सवलत खुद्द कुरआनने, सूरह बकरामध्ये दिली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

कच्चा कांदा खाऊन मशिदीत येऊ नये, ही पैगंबरांची (स.) शिकवण आहे. तेव्हा इफ्तारला भज्यांऐवजी कांदा घालून शिजवलेली डाळ किंवा भाजी घ्यावी. कचुंबर तरावीहनंतरच्या जेवणात. कॅप्सूलचे वाचलेले पैसे शेजारच्या गरजू घराच्या इफ्तारसाठी द्यावेत. त्यात आरोग्यही आहे आणि सवाबही.