सरकारी शुल्क वाढलं की खिसा कुणाचा कापला जातो, पर्यटकाचा की बोटवाल्याचा? भोर-वेल्ह्याचं गणित

शनिवार-रविवार आला की पुण्यातल्या गाड्या दोन दिशांना वळतात. काही सिंहगड रस्त्यानं पानशेतकडे जातात, काही सातारा रस्त्यानं भोरकडे. डोंगर, धरणाचं पाणी, गरमागरम भजी आणि जमलंच तर बोटीतून एक चक्कर, असा साधा बेत असतो.

पण ही एक चक्कर दिवसेंदिवस महाग होत चालली आहे, आणि त्यामागे फक्त डिझेल नाही. बोटीवरचा कर, नोंदणी, तपासणी, विमा, परवानगी, प्रवेश शुल्क अशी सगळी साखळी आहे. बोटिंग महागलं की पर्यटक कमी होतात, असं सरसकट म्हटलं जातं. आकडे मांडून बघितले तर चित्र जरा वेगळं दिसतं.

भोर-वेल्ह्यात एवढं पाणी आहे कुठं?

भोर तालुक्यात वेळवंडी नदीवर भाटघर धरण आहे. ब्रिटिश काळात, १९२० च्या दशकात ते बांधून पूर्ण झालं. साठवण साधारण साडेतेवीस टीएमसी. त्याच तालुक्यात नीरा-देवघर आहे. शेजारच्या वेल्हे तालुक्यात पानशेत, वरसगाव आणि गुंजवणी अशी तीन धरणं आहेत. या तालुक्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं २०२४ मध्ये घेतला.

म्हणजे दोन तालुक्यांत पाच मोठे जलाशय. काठावर राहणाऱ्या अनेक कुटुंबांच्या पिढीजात जमिनी याच पाण्याखाली गेल्या. धरणाचं पाणी पुण्याला, बारामतीला, फलटणला जातं. काठावरच्या माणसाला त्या पाण्यातून चार पैसे मिळवायचे तर मासेमारी आणि पर्यटन हेच मार्ग समोर दिसतात. त्यामुळे बोटीवर किती शुल्क लागतं हा इथं पोटापाण्याचा प्रश्न आहे.

नेमकं महाग काय झालं?

सगळ्यात ठळक बदल झाला २२ सप्टेंबर २०२५ ला. जीएसटीचे नवे दर लागू झाले. याआधी सहलीसाठी किंवा खेळासाठी वापरायच्या बोटींवर २८ टक्के जीएसटी आणि वर ३ टक्के उपकर होता. तो आता थेट ४० टक्के झाला. सरकारच्या लेखी ही चैनीची वस्तू. डोळ्यासमोर अर्थातच मुंबईच्या समुद्रातली पांढरीशुभ्र यॉट.

पण सहलीसाठीची मोटारबोट धरणात चालवायला घेतली तरी ती याच वर्गात जाते.

समजा बोटीची मूळ किंमत १० लाख आहे. आधी ती १३ लाख १० हजारांना पडायची, आता १४ लाखांना पडते. म्हणजे एका फटक्यात ९० हजार जास्त.

इथंच पहिली मेख आहे. जीएसटीत नोंदणी असलेला आणि ग्राहकाकडून कर घेणारा मोठा व्यावसायिक प्रवासी वाहतुकीसाठी घेतलेल्या बोटीवरच्या कराची वजावट घेऊ शकतो. वर्षाला २० लाखांपेक्षा कमी उलाढाल असलेला गावातला बोटवाला सहसा नोंदणीच करत नाही, कारण कायद्यानं ती बंधनकारक नाही. त्यामुळे त्याला वजावटही नाही. चैनीवरचा कर चैन विकणाऱ्याला परत मिळतो आणि भाकरी कमावणाऱ्याच्या डोक्यावर राहतो.

मग नोंदणी, तपासणी, विमा यांचं काय?

आधी १९१७ सालचा कायदा होता. त्याच्या जागी अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ आला आणि जून २०२२ पासून तो लागू झाला. यंत्रावर चालणाऱ्या बोटीची तपासणी, नोंदणी, विमा आणि चालवणाऱ्याकडे प्रमाणपत्र, हे सगळं त्यात आलं. साहसी खेळांसाठी राज्याचं २०२१ चं वेगळं धोरण आहे, त्यातही नोंदणी आहे. शिवाय जलाशय जलसंपदा विभागाचा, त्यामुळे त्यांची परवानगी लागते.

हे सगळं हवंच का? हवंच. २१ मे २०२४ ला उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली, ६ जणांचा जीव गेला. त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबईत घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, १५ जण गेले. तपासणी आणि लाइफ जॅकेट यांवरचा खर्च वाचवायचा नसतो, हे या दोन घटनांनी दाखवून दिलं.

प्रश्न हा खर्च कसा वाटला जातो याचा आहे.

एका फेरीवर किती बोजा पडतो?

गणित सोपं जावं म्हणून दोन बोटवाले धरू. दोघांचा परवाना, तपासणी, विमा मिळून वर्षाचा ठरलेला खर्च ६० हजार आहे असं समजू.

पावसाळ्याचे चार महिने धंदा बंद. उरलेल्या आठ महिन्यांत साधारण ३५ शनिवार-रविवार, म्हणजे ७० दिवस. गावातल्या बोटवाल्याकडे दिवसाला ३० माणसं आली तर वर्षाला २,१०० माणसं होतात. माणशी बोजा जवळपास २९ रुपये. मोठ्या रिसॉर्टजवळच्या बोटवाल्याकडे दिवसाला २०० माणसं आली तर १४,००० होतात. माणशी बोजा ४ रुपये.

शुल्क दोघांना सारखंच आहे, पण एकाच्या तिकिटात ते कुणाला दिसतही नाही आणि दुसऱ्याचं तिकीट त्यानं महाग होतं. उद्या हे शुल्क दुप्पट झालं तर पहिला बोटवाला माणशी ५७ रुपयांवर जातो, दुसरा साडेआठ रुपयांवर. पर्यटक स्वस्त बोट बघतो. म्हणजे पर्यटक कमी होण्याआधी छोटा बोटवाला कमी होतो.

आणि पाणीच नसेल तर?

भोर-वेल्ह्याची दुसरी अडचण समुद्रकाठाला नाही. इथलं पाणी स्थिर नसतं. भाटघरचं पाणी नीरेच्या कालव्यांतून खाली शेतीला सुटतं. उन्हाळ्यात जलाशय इतका आटतो की एरवी पाण्याखाली असलेलं कांबरे गावचं कांबरेश्वर मंदिर उघडं पडतं. लोक ते बघायला गर्दी करतात, पण तोवर बोटीचा काठ कुठल्या कुठे गेलेला असतो.

मुलांना सुट्टी लागते मे महिन्यात आणि पाणी तळाला जातं तेही मे महिन्यात. वर्षाचं शुल्क मात्र धरण भरलेलं आहे की आटलेलं, हे बघत नाही.

पर्यटक शुल्काला खरंच घाबरतात का?

हे माणूस किती लांबून आलाय त्यावर ठरतं. गालापागोस बेटांनी १ ऑगस्ट २०२४ पासून परदेशी पर्यटकांचं प्रवेश शुल्क १०० डॉलरवरून २०० डॉलर केलं. तिथवर जायलाच लाखो रुपये लागतात, त्यात १०० डॉलर खपून जातात. व्हेनिसनं २०२४ मध्ये गर्दीच्या २९ दिवसांसाठी ५ युरो शुल्क लावलं आणि पुढच्या वर्षी दिवस वाढवून ५४ केले. ऐनवेळी येणाऱ्याला तर १० युरो. तरी शुल्कानं गर्दी काही हटत नाही, अशी टीका तिथं होतच राहिली.

आपल्याकडे घारापुरीचं बघा. लेण्यांचं तिकीट भारतीयांना २०१६ च्या आधी १० रुपये होतं, मग ३० झालं आणि २०१८ मध्ये ४०. परदेशी पाहुण्याला २५० वरून ५०० आणि मग ६००. म्हणजे परदेशी माणसाला लाँचच्या भाड्यापेक्षा लेण्यांचं तिकीटच जास्त पडतं. तरी लाँच भरून जातात, कारण घारापुरी एकच आहे.

भाटघरचं तसं नाही. पुण्याहून निघालेल्या चौघांच्या कुटुंबाला बोट महाग वाटली तर ते काठावर बसून मक्याचं कणीस खातील आणि परत जातील. जवळच्या सहलीला पर्याय भरपूर असतात, म्हणून तिथं शुल्कवाढ लगेच जाणवते.

तोडगा काय असू शकतो?

एक उदाहरण शेजारीच आहे. सिंहगडाच्या घाटात वन विभाग गाड्यांकडून उपद्रव शुल्क घेतो. ते संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत गोळा होतं आणि नाक्यावर, साफसफाईला, देखरेखीला गावातल्याच पोरांना काम मिळतं. लोक कुरकुरतात, पण पावती फाडतात.

दुसरं उदाहरण कोयनेच्या शिवसागर जलाशयाचं. बामणोली, तापोळा इथं गावकऱ्यांचे बोट क्लब आहेत. वासोट्याला जाणारा माणूस क्लबची बोट घेतो आणि वन विभागाचं शुल्क वेगळं भरतो. बोटवाले एकत्र असल्यानं कागदपत्रांचा भार एकट्यावर पडत नाही.

यातून तीन गोष्टी निघतात. शुल्क बोटीमागे वर्षाला ठरवण्याऐवजी माणशी घेतलं तर धंदा कमी तेव्हा बोजाही कमी राहील. पाणी ठरावीक पातळीखाली गेलं की त्या महिन्यांचं शुल्क माफ करता येईल. आणि जमा झालेल्या पैशातला वाटा त्याच काठावरच्या जेटीला, लाइफ जॅकेटला, जीवरक्षकाला मिळाला तर पर्यटकालाही पावतीचा अर्थ कळेल.

नाहीतर शुल्क भरणारे मोजके मोठे उरतील आणि बाकीचे पावतीशिवाय, विम्याशिवाय, अंधार पडताना गुपचूप बोट काढतील. मे २०२२ मध्ये याच भाटघरच्या पाण्यात पाच महिला बुडाल्या होत्या. त्या बोटीत नव्हत्या, पण काठावर वेळेत पोहोचणारा जीवरक्षक असणं का गरजेचं आहे, ते त्या दिवसानं भोरला शिकवलं. शुल्क वाढवायचंच असेल तर तो माणूस काठावर उभा दिसला पाहिजे.